खटका दाबताना

३ जून, मंगळवार

शाळेतून निवृत्त होताना भंगारात निघालेला एक कॅरम बोर्ड मागून आणला होता. प्लायवूड अजून खणखणीत आहे, पण चौकट गेली. दोन पावसाळे जिन्याखाली काढल्यावर तिचे सांधे फुगले, एक कोपरा उघडला. स्ट्रायकर त्या कोपऱ्यापाशी गेला की कुठल्या दिशेने परत येईल याचा नेम नाही. आता नवी चौकट करायची. लाकूड घरचंच आहे: सासूबाईंच्या शिसवी पलंगाच्या दोन लांब पट्ट्या, प्रत्येकी साडेसहा फूट. जाडी चिखलीच्या वखारीत रंधा मशीनवर २२ मिलिमीटरवर आणून घेतली, एक कड सरळ करून घेतली. कॅरमच्या आंतरराष्ट्रीय नियमात खेळायचा चौरस ७३.५ ते ७४ सेंटीमीटर, चौकटीची रुंदी ६.३५ ते ७.६० आणि उंची १.९० ते २.५४. मी रुंदी सात धरली.

शिसवाला हात लावण्याआधी आंब्याच्या फळीवर सराव केला, ते बरं झालं. टेबल सॉ दोन वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका बंद होणाऱ्या फर्निचरच्या कारखान्यातून घेतलेलं, दहा इंची पात्याचं. आजवर त्यावर फक्त फळ्या आडव्या तोडल्या. उभं चिरायचं म्हणजे फेन्स लावायची. ही पात्याशेजारी उभी राहणारी ॲल्युमिनियमची लांब पट्टी. तिला लाकूड टेकवून पुढे ढकलत न्यायचं, म्हणजे हवी तेवढ्या रुंदीची पट्टी चिरली जाते. फेन्सच्या डोक्याशी एक खटका आहे. तो दाबला की फेन्स जागच्या जागी आवळली जाते, किंवा जायला हवी.

चार तुकडे चिरले. चारांच्याही कडा काळ्या. करवत अशी किंचाळत होती की हे पेपर टाकून शेडच्या दारात आले. पाचव्या तुकड्याला लाकूड मध्येच अडलं, मी हात सैल सोडला आणि वीतभर लांबीचा तुकडा उलटा उडून मागच्या पत्र्यावर आदळला. पत्र्याला पोच आला. मी पात्याच्या रेषेत उभी नव्हते, एवढंच आजचं शहाणपण.

रात्री हिशेब केला. दहा इंच म्हणजे २५४ मिलिमीटर, परीघ सुमारे ७९८. मिनिटाला ४००० फेरे धरले तर दाताचा वेग सेकंदाला ५३ मीटर, ताशी १९१ किलोमीटर. एक्स्प्रेसवेवर मोटारींना शंभरची मर्यादा आहे. ह्यांना आकडा सांगितला नाही.

४ जून, बुधवार

कालचे चार तुकडे मोजले. ६९.४, ७०.३, ६९.९, ७०.१. प्रत्येक वेळी मी पट्टीवर बरोबर ७० लावून खटका दाबला होता.

आणि इथे माझ्या भूमितीने मला तोंडघशी पाडलं. तीस वर्षं समांतर रेषा शिकवल्यामुळे मी धरून चालले की फेन्स तिरकी असली तर पट्टी निमुळती निघणार. एका टोकाला ७०, दुसऱ्या टोकाला ६९. पण प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना सारखाच भरला. अर्धा तास कागदावर रेघोट्या मारल्यावर लक्षात आलं: लाकूड फेन्सला घासत जातं, म्हणजे फेन्स जेवढी तिरकी तेवढंच लाकूडही तिरकं सरकतं. पात्याचा जो दात फेन्सला सर्वांत जवळ, तो रुंदी ठरवतो, आणि ते अंतर कापून होईपर्यंत बदलत नाही. तिरकेपणाची शिक्षा रुंदीत दिसत नाही, ती कडेवर दिसते. मागच्या बाजूला फेन्स पात्याकडे झुकली असेल तर चिरलेली पट्टी पातं आणि फेन्स यांच्यात चिमटीत सापडते. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. ते लाकूड जाळतात, उचलतात आणि माझ्याकडे फेकतात.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. एक, फेन्स तिरकी आहे. दोन, ती दर वेळी वेगवेगळी तिरकी आहे. दुसरा जास्त वाईट. सारखी चुकणारी मुलं मला कधी जड गेली नाहीत. त्यांचं काय चुकतं ते एकदा कळलं की झालं.

५ जून, गुरुवार

गुरुवार, वीजवाल्यांच्या दुरुस्तीचा वार, त्यामुळे सकाळपासून वीज नाही. यंदा मे महिन्यातच पावसाने गाठलं आणि टेबलाच्या बिडावर गंजाचे तपकिरी डाग उठले. रॉकेलचा बोळा आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन बसले. पुढची रेल, मागची रेल, फेन्सच्या डोक्याखालचा भाग. मागच्या रेलवर जुन्या रंगाचे थेंब वाळून दगड झाले होते, ते पटाशीच्या धारेने खरवडले. शेवटी सगळीकडे शिवणयंत्राचं तेल फिरवलं. फेन्स लोण्यासारखी सरकायला लागली. मी खूश.

७ जून, शनिवार

शेजारचे भावोजी आले. पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. लग्नाच्या पंगतीत ताटाची कड टेबलाला समांतर करून मग जेवायला बसतो. मी माझं निदान सांगायला लागले तर म्हणाले, "वहिनी, डायल लावल्याशिवाय बोलायचं नाही." आणि घरी जाऊन डायल गेज घेऊन आले, एका लाकडी ठोकळ्यावर बसवलेलं. टेबलावर पात्याला समांतर अशी एक खोबण असते, कोनात कापायच्या गाइडसाठी. ठोकळ्याखालची पट्टी त्या खोबणीत बसवली की डायल खोबणीच्या रेषेत पुढेमागे फिरतं.

आधी पातं. ते निर्दोष आहे हे ठरल्याशिवाय फेन्सवर आरोप ठेवता येत नाही. त्यांनी एका दाताला खडूची खूण केली, तो दात पुढे आणून रीडिंग घेतलं, मग तोच दात फिरवून मागे आणला आणि पुन्हा घेतलं. वेगवेगळे दात मोजले तर पात्याच्या बाकाचाही हिशेब त्यात मिसळतो, म्हणून दात एकच. फरक ०.०४ मिलिमीटर. "पातं सोडा," म्हणाले.

मग फेन्स. खटका मोकळा असताना डायल मागच्या टोकाला टेकवलं आणि शून्य केलं. मला म्हणाले, "आता दाबा." मी दाबला. काटा ०.६ ने फिरला. पात्याच्या दिशेने.

मी इतके दिवस पट्टीवर ७० वाचत होते ते खटका दाबायच्या आधी. दाबल्यावर पुन्हा वाचायचं मला सुचलंच नव्हतं. फेन्सला आपल्याकडे कुंपण म्हणायचं, आणि कुंपणच शेत खातं ही म्हणही आपलीच.

साठ सेंटीमीटरमध्ये ०.६ मिलिमीटर, म्हणजे हजारात एक. कोनात मांडलं तर एका अंशाचा सुमारे सतरावा भाग. मुलांच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर एक अंशाची रेघ असते. तिच्या जाडीतही हा मावून जाईल. आणि एवढ्यावर लाकूड काळं पडतं.

८ जून, रविवार

एकटीने वीस वेळा खटका दाबून वीस रीडिंग घेतली. आकडे विखुरलेले वाटले, म्हणून प्रत्येकासमोर मी काय केलं तेही लिहिलं, आणि चित्र पालटलं. फेन्स पात्याजवळून बाहेर ढकलत आणून आवळली की मागचं टोक पात्याकडे झुकतं, ०.५ ते ०.६. लांबून पात्याकडे आणून आवळली की ते उलट बाजूला जातं, ०.२ ते ०.३. गंमत नाही, सरळ कारण आहे. मी डोक्याला धरून ढकलते. शेपूट घासत मागे राहतं. आणि ते जिथे राहिलं तिथेच आवळलं जातं.

भावोजींना कुंपणाच्या भिंतीवरून वही दाखवली. "बाई ते बाई," एवढंच म्हणाले, पण वही हातात धरून बराच वेळ उभे होते.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. सकाळी कोपऱ्यावरच्या वडाला दोरा गुंडाळून आले. उरलेली गुंडी पिशवीतच होती. दुपारी तीच पुढच्या रेलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली, दोन्ही टोकांना दोऱ्याखाली सारख्या जाडीचं पान घातलं आणि मधे फीलर गेजच्या पाती सारून रेल वाकलेली आहे का पाहिलं. रेल सरळ आहे. हे म्हणाले, सात जन्मांचा दोरा तू यंत्राला लावलास. म्हटलं, यंत्रालाही कळू दे.

पण फेन्सचं डोकं रेलवर नीट बसत नाही हे मात्र सापडलं. डोक्याला रेलशी टेकणारे दोन पाय आहेत, मध्ये वीतभर अंतर. डाव्या पायाखाली ०.१५ ची पात सहज जाते. तीन पायांवर उभं असलेलं चार पायांचं स्टूल जसं डगडगतं तसं हे डोकं डगडगतं, आणि खटका ज्या बाजूने आधी ओढेल त्या बाजूला बसतं.

१४ जून, शनिवार

आज मुळाशी पोहोचलो. फेन्स उलटी करून ओट्यावर ठेवली. आत एक लांब सळई आहे. खटका दाबला की त्याच्या बुडचा लंबवर्तुळाकार कॅम फिरतो, सळई पुढे ओढतो, आणि सळईच्या दुसऱ्या टोकाचा हूक मागच्या रेलला पकडतो. त्याच ओढीने पुढचं डोकंही पुढच्या रेलला चिकटतं. एका दाबात दोन्ही टोकं धरायची ही योजना. जुन्या यंत्रांवर अशीच असायची, आणि तिचं दुखणंही जुनंच: कोणी आधी धरायचं हे तिला सांगितलेलं नसतं. आमच्या सळईचं नट कोणीतरी पार आवळून ठेवलं होतं. त्यामुळे हूक आधी धरायचा आणि डोकं नंतर सरळ व्हायला बघायचं. पण तोवर शेपूट बांधलेलं.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या बिल बीझमायर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर जो उपाय काढला तो मला फार आवडतो, कारण तो आमच्याच वर्गातला आहे. त्यांची फेन्स म्हणजे ड्रॉइंग बोर्डावरचा टी-स्क्वेअर. टी-स्क्वेअरचं मागचं टोक कोणी धरत नाही. डाव्या हाताने डोकं फळीच्या कडेला दाबायचं आणि रेघ मारायची. डोकं लांब आणि पक्कं असेल तर टोक आपोआप जागेवर. आज चांगल्या यंत्रांवर बहुतेक हीच पद्धत असते: पुढची रेल जाडजूड, डोकं रुंद, मागचं टोक मोकळं.

आमची फेन्स तेवढी दणकट नाही. हूक काढून टाकला तर मागचं टोक लाकडाच्या दाबाने मागेपुढे होईल आणि मग मात्र पट्टी खरोखर निमुळती निघेल. तेव्हा मध्यममार्ग. भावोजींनी सळईचं नट अर्ध्या फेऱ्याने ढिलं केलं, पुन्हा अर्ध्या, मग पाव. आता खटका अर्धा खाली येतो तेव्हा डोकं धरतं आणि शेवटच्या टप्प्यात हूक. डाव्या पायाचा स्क्रू फिरवून दोन्ही पाय रेलला टेकवले, फीलरची ०.०५ ची पात कुठूनच जाईना.

मग समांतर करणं. वरचे दोन बोल्ट ॲलन कीने ढिले करून फेन्स खोबणीशी जुळवली, एकदा हा एकदा तो असे थोडे थोडे आवळले. एकच आधी पूर्ण आवळला तर तो फेन्सला सोबत फिरवून नेतो.

इथे आमचं भांडण झालं. भावोजींना शून्य पाहिजे. "शून्य म्हणजे शून्य, वहिनी." माझं म्हणणं, आपली चूक कितीही कमी झाली तरी ती शून्याच्या दोन्ही बाजूंना पडणार. एका बाजूला पडली तर जरा खरखरीत कड, दुसऱ्या बाजूला पडली तर पत्र्याला पोच. मग मुद्दाम सुरक्षित बाजूला थोडं सरकून का बसू नये? ते म्हणाले, मुद्दाम चूक ठेवायची हे मला टूलरूममध्ये कोणी शिकवलं नाही. मी म्हटलं, ही चूक नाही, हे माप आहे. शेवटी मागचं टोक पात्यापासून ०.०५ बाहेर ठेवायचं ठरलं. कोण जिंकलं ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

१६ जून, सोमवार

वीस वेळा खटका. एकोणीस रीडिंग ०.०५ च्या आत. विसावं ०.२, आणि खटका चिकट लागला.

१९ जून, गुरुवार

आज तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी. भक्ती-शक्ती चौकात सकाळपासून गर्दी, आमच्या गल्लीतही वारकरी टेकायला आले. अंगणातल्या नळावर पाणी भरायला आलेले एक आजोबा शेडचं दार उघडं बघून आत डोकावले. सुतार, बार्शीकडचे. फेन्स हाताने पुढेमागे करून बघितली, हुकाच्या खाचेत बोट घातलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. बोटाला काळा राडा. "त्याल घातलंय व्हय? त्याल नका घालू बाई, भुसा धरतंय. मेणबत्ती घासा." माझ्या डायलकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चहा घेतला, टाळ खांद्याला अडकवले आणि गेले.

विसाव्या रीडिंगचं उत्तर ते होतं. रात्री सगळं तेल रॉकेलने पुसून काढलं आणि रेलवर देवघरातली मेणबत्ती घासली. खटका जिथे पकडतो ती जागा मात्र कोरडी ठेवली. तिथे घर्षणच हवं.

२१ जून, शनिवार

आज शिसव. त्याआधी दोन कामं. पात्यामागे पाचर बसवली. ही पोलादी पट्टी चिरलेल्या फटीत उभी राहते आणि लाकूड पात्यावर मिटू देत नाही. मूळची हरवली होती. आमच्या पात्याची चीर ३.२ मिलिमीटरची, पात्याचा पत्रा २.२ चा, पाचर या दोहोंच्या मधली हवी, म्हणून २.५ चा पत्रा कापून घेतला. पत्र्याहून पातळ असती तर तिचा उपयोग नव्हता, चिरेहून जाड असती तर लाकूड तिच्यावरच अडलं असतं. दुसरं म्हणजे तोंडाला मास्क. शिसवाचा भुसा अनेकांच्या नाकाला आणि कातडीला सोसत नाही, आणि मला कळून घ्यायचं नाही.

लावायची रीत आता ठरली आहे. फेन्स नेहमी लांबून पात्याकडे आणायची. ७० पाशी आली की डाव्या तळहाताने डोकं रेलवर दाबून धरायचं, टी-स्क्वेअर धरतात तसं, आणि मग उजव्या हाताने खटका. दाबल्यावर मोजायचं. पट्टीवरच्या काट्यावर नव्हे. आंब्याचा एक तुकडा चिरून व्हर्निअरने. ७०.२ आला. काट्याचा स्क्रू ढिला करून त्याला ७०.२ वर आणलं. काट्याने लाकडाचं ऐकायचं, लाकडाने काट्याचं नाही.

आणि भावोजींचा एक नियम जो मी विनातक्रार मानला: एकदा आवळली की चारही तुकडे होईपर्यंत खटक्याला हात लावायचा नाही. चौकटीला ७०.० लागत नाही, चारही बाजू सारख्या लागतात. दोन पट्ट्या आधी आडव्या तोडून चार केल्या होत्या. शेवटचा हात ढकलकाठीने.

आवाज वेगळाच होता. किंचाळी नाही, नुसती घरघर. पहिला तुकडा बाहेर आला आणि मी तो उलटून कड पाहिली. जांभळट तपकिरी, मध्ये काळ्या रेषा, पण त्या शिसवाच्या स्वतःच्या. जळक्या वासाऐवजी गोडसर वास. सासूबाईंच्या खोलीत पावसाळ्यात असाच यायचा, तेव्हा मला तो औषधांचा वाटायचा.

चार तुकडे: ७०.२, ७०.२, ७०.२, ७०.१५. शेवटच्या आकड्यावर भावोजींनी भुवई उचलली. मी व्हर्निअर त्यांच्या हातातून काढून घेतलं.

२४ जून, मंगळवार

कोपऱ्यांचे ४५ अंशांचे काप. तीन कोपरे बसले, चौथ्यात नखाएवढी फट. शिसवाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरली. भावोजींना सांगितलेलं नाही.

२९ जून, रविवार

पॉलिश वाळलं. गल्लीतली चार मुलं आणि आम्ही दोघं, संध्याकाळी अंगणात. मुलांनी आधी रिकाम्या बोर्डावर स्ट्रायकर समोरच्या बाजूवर सरळ मारून बघितला. तो आला तसाच परत गेला, त्यांना काही विशेष वाटलं नाही. पोरांचं लक्ष पावडरीकडे.

मग भावोजी आणि मी. ते दोन सोंगट्यांनी पुढे होते. राणी चौथ्या कोपऱ्याच्या तोंडाशी अडलेली. त्यांनी बाजूवरून उलटा मारला आणि स्ट्रायकर राणीच्या शेजारून बोटभर लांबून गेला. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे, मग माझ्याकडे. "वहिनी, हा कोपरा काटकोनात नाही." उठले आणि गुण्या आणायला घरी गेले.

ते परत येईपर्यंत माझी राणी झाली होती, कव्हरही.